ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे क्रोमॅटिनमधील प्रथिने आणि जनुकांचे नियमन नेमके कसे बदलते?

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे, म्हणजे पेशीत ऑक्सिजनपासून बनणारे तापट रेणू वाढून येणाऱ्या ताणामुळे, डीएनएला इजा होते हे सगळीकडे वाचायला मिळते, पण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांचे काय होते, आणि अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांनी ते थांबवता येते का, असे तुम्ही विचारले आहे. मी पदवीच्या वर्गांना जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि या विषयात ‘लोखंड गंजते तशी पेशी गंजते’ ही उपमा विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढायला मला सर्वाधिक वेळ लागतो. गंज कुठेही चढतो आणि चढला की उतरत नाही. पेशीतले ऑक्सिडीकरण मात्र पुष्कळदा ठरावीक प्रथिनाच्या ठरावीक जागी होते आणि त्यातले काही पूर्ववतही होते. म्हणूनच त्याचा परिणाम नासधुशीपुरता न राहता कोणते जनुक चालू राहावे यावरही होतो.

हिस्टोन जातीच्या आठ प्रथिनांच्या गाभ्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या गुंडाळल्या की एक न्यूक्लिओसोम होतो; अशा न्यूक्लिओसोमांच्या साखळीला क्रोमॅटिन म्हणतात. हिस्टोनच्या बाहेर आलेल्या शेपट्यांवर धनभार असतो. त्यांवर अ‍ॅसिटिल गट लागला की तो भार कमी होऊन गुंडाळी सैलावते आणि जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे त्याची आरएनए प्रत काढणे, सोपे होते, तर तो गट काढला की ती पुन्हा आवळते. मिथिल गटांचा परिणाम ते कोणत्या जागी लागले यावर अवलंबून असतो. हे गट लावणारी आणि काढणारी विकरे (एन्झाइम) ही ऑक्सिडीकरणाची मोठी लक्ष्ये आहेत.

ऑक्सिडीकरण करणाऱ्या रेणूंपैकी हायड्रॉक्सिल मूलक इतके तापट असते की जिथे जन्मते तिथेच शेजाऱ्याला भिडून संपते, त्यामुळे त्याच्याकडून निवडक काम होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड तुलनेने शांत असल्याने केंद्रकापर्यंत पोहोचू शकते आणि तिथे प्रामुख्याने दोन गोष्टींशी अभिक्रिया करते: सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधक आणि विकरांच्या मध्यभागी बसलेले लोह. एच-३ या हिस्टोनमध्ये ११०व्या जागी, गाभ्याच्या आत दडलेले एक सिस्टीन असते. त्याला ग्लुटाथायोन हा पेशीतला गंधकयुक्त लहान रेणू चिकटला की न्यूक्लिओसोमची घट्ट बांधणी ढिली होते. हिस्टोनवरील अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांच्या एचडॅक कुटुंबातील एचडॅक-४ या प्रथिनात ६६७ आणि ६६९ या जागांवरील सिस्टीनांमध्ये गंधकाचा पूल तयार झाला की ते केंद्रकाबाहेर जाते आणि हृदयाच्या स्नायूपेशींमध्ये त्याने दाबून ठेवलेली, पेशी फुगवणारी जनुके मोकळी होतात. लोहाची गोष्ट आणखी सरळ आहे. हिस्टोनवरील मिथिल गट काढणारी बरीचशी विकरे आणि डीएनएवरील मिथिल खुणा पुसायला सुरुवात करणारी टेट विकरे द्विसंयुजी लोहावर चालतात. ते लोह त्रिसंयुजी झाले की विकर जागेवर असूनही निकामी ठरते आणि खुणा साचत जातात. क जीवनसत्त्व हे लोह पुन्हा कामाचे करते, आणि माझ्या मते त्या जीवनसत्त्वाचे हे काम स्कर्व्हीइतकेच ठळकपणे शिकवायला हवे.

हे सारे परीक्षानळीपुरते नाही, याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण सीओपीडी या फुप्फुसांच्या आजाराचे आहे. दम्यावर जो स्टेरॉइडचा पंप छान लागू पडतो तो या रुग्णांत फारसा उपयोगी पडत नाही, हे डॉक्टरांना जुने ठाऊक होते. स्टेरॉइडचा ग्राही, म्हणजे औषध ज्याला चिकटते ते पेशीतले प्रथिन, दाह वाढवणाऱ्या जनुकांपाशी एचडॅक-२ या विकराला बोलावून आणतो, ते विकर तिथले अ‍ॅसिटिल गट काढते, गुंडाळी आवळते आणि दाहाचे जनुक गप्प होते. सिगारेटच्या धुराने पेटलेल्या फुप्फुसात सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड एकत्र येऊन पेरॉक्सिनायट्राइट बनते, ते एचडॅक-२च्या टायरोसिनवर नायट्रो गट चिकटवते आणि विकराची ताकद घटून ते लवकर मोडीत निघते. म्हणजे औषध पोहोचते, ग्राहीही आपले काम करतो, पण ज्याला हाक मारायची तोच जागेवर नसतो. लंडनमधील ईटो, बार्न्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये रुग्णांच्या फुप्फुसांच्या ऊतीत दाखवले की आजार जितका तीव्र तितकी एचडॅकची क्रिया कमी. हा अभ्यास मुख्यतः सिगारेटच्या धुराशी निगडित आहे. आपल्याकडे कधी विडीही न ओढलेल्या, पण जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बायकांना होणाऱ्या सीओपीडीला तो जसाच्या तसा लावू नये.

या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. थिओफिलिन हे जुने, स्वस्त औषध अल्प मात्रेत एचडॅक-२ची क्रिया पूर्ववत करते असे प्रयोगशाळेत दिसल्यावर मोठी आशा निर्माण झाली होती. ब्रिटनमध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र स्टेरॉइडच्या जोडीला ते दिल्याने आजार उसळण्याचे प्रमाण घटले नाही. त्यामुळे यंत्रणा चुकीची ठरत नाही; पण पेशीत नीट बसणारे स्पष्टीकरण रुग्णाच्या खाटेपर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे मी वर्गातही सांगते.

एक अप्रत्यक्ष मार्गही आहे, तो थोडक्यात सांगते. डीएनए तुटला की पार्प-१ हे विकर दुरुस्तीसाठी धावते आणि त्या भरात पेशीतला एनएडी हा सहायक रेणू झपाट्याने खर्च करते; सर्टुइन नावाची अ‍ॅसिटिल काढणारी विकरे याच एनएडीवर चालत असल्याने तीही मंदावतात.

आता गोळ्यांविषयी. पेशी स्वतःच क्रोमॅटिनवर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. २००४ मध्ये ओळख पटलेले एलएसडी-१ हे विकर हिस्टोनवरील मिथिल गट काढताना उपपदार्थ म्हणून तेच सोडते. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांपाशी यामुळे जवळच्या ग्वानिन या डीएनएतील बेसचे ऑक्सिडीकरण होते, दुरुस्तीची प्रथिने तिथे येतात, आणि या येण्यामुळेच जनुक चालू व्हायला मदत होते, असे २००८ मध्ये एका इटालियन गटाने दाखवले. ज्याला आपण इजा म्हणतो ती इथे प्रतिलेखनाचीच एक पायरी असते. अशा व्यवस्थेत सगळे ऑक्सिडीकरण सरसकट दाबणारी गोळी कोणती पायरी अडवेल हे सांगता येत नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी अधिक निघाले. त्याचे कारण क्रोमॅटिनच आहे असा माझा दावा नाही. पण तुम्ही सिगारेट ओढत असाल तर त्या गोळीऐवजी आधी सिगारेट सोडा, कारण पेरॉक्सिनायट्राइटला कच्चा माल तिथूनच मिळतो.