कर्णबधिर मुलांना शिकवायचं आहे, साधं बी.एड. पुरेल का?

तुमचं बीए झालंय, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायचंय आणि नेहमीचं बी.एड. चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी १८ वर्षं हेच काम करते आहे.

नाही, चालत नाही. पदवीनंतर बी.एड. विशेष शिक्षण करायचं आणि त्यात श्रवणदोष हा विषय घ्यायचा. बारावीनंतर याच विषयाचं डी.एड. असतं. दोन्हींना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. पुढे परिषदेकडे नोंदणी करावी लागते, कारण १९९२च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. फी भरण्याआधी त्या वर्षीच्या मान्यता यादीत कॉलेजचं नाव स्वतः पाहा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी जरूर करा.

आता कोर्समध्ये काय मन लावून शिकायचं ते सांगते.

आधी मशीन. पहिल्याच वर्षी एका मुलाला मी सकाळभर ‘परत म्हण, परत म्हण’ करत होते. दुपारी कळलं, त्याच्या श्रवणयंत्राचा सेल संपला होता. ते मला आजही बोचतं. तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक मुलामागे उभी राहून सहा ध्वनी म्हणते: म, ऊ, आ, ई, श, स. म खालच्या पट्टीतला, स सगळ्यात वरचा. कुठला ऐकू आला नाही, यावरून मशीनचं किंवा कानाचं काय बिघडलंय याचा अंदाज येतो. समोरून म्हणायचं असेल तर ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरू नका, आवाज दबतो. भरतकामाच्या रिंगला पातळ कापड लावून ती धरा.

पण खरं काम भाषेचं आहे. ओठ वाचून सगळं कळतं असं लोकांना वाटतं. आरशासमोर आवाज न करता ‘पारा, बारा, मारा’ म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात. मराठीचे प्रत्यय तर आणखी अवघड. ‘ला’, ‘ने’, ‘त’ आपण इतके हळू उच्चारतो की ते मुलांपर्यंत पोचतच नाहीत. मग मूल लिहितं, ‘मी शाळा जातो.’ ‘मुलाला कुत्रा चावला’ आणि ‘मुलगा कुत्र्याला चावला’ यांत कोण कोणाला चावलं, हे त्या एका ‘ला’वर ठरतं. नियम सांगून हे येत नाही. वर्गात अभिनय करायचा, भेळ करायची, त्यावर गप्पा मारायच्या आणि मुलांची वाक्यं फळ्यावर पूर्ण करून लिहायची. सराव पाठांत हे भरपूर करून घेणारं कॉलेज निवडा.

खुणांची भाषा शिकल्यावर मूल बोलत नाही, असं काही जण सांगतील. मला हे पटत नाही. मशीनचा फायदा होणाऱ्या मुलालाही घरी-दारी मनातलं सांगायला एक पूर्ण भाषा लहानपणीच मिळाली पाहिजे, नाहीतर वाचन-लेखन कशावर उभं करणार? दिल्लीत २०१५ साली सुरू झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश आहे, तो पाहा. मात्र भाषा शिका ती एखाद्या कर्णबधिर मोठ्या माणसाकडूनच.

आणि अर्ज भरण्याआधी जवळच्या कर्णबधिर शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दोन दिवस बालवर्गात बसून या. तीन वर्षांची मुलं तिथे पहिल्यांदा मशीन लावून येतात.