लोकशाहीतलं भांडण वाचायला घेताना

भाऊ, लोकशाहीत भांडणाची जागा काय, हा विषय वाचायला घेतलास, फार बरं वाटलं. सुरुवातीला दोनच विचारवंत पुरेत.

मॅकियाव्हेली (इटालियन राजकीय विचारवंत): प्राचीन रोमची सामान्य जनता आणि उमराव यांच्या भांडणांतूनच स्वातंत्र्य राखणारे कायदे आले, असं त्याने सोळाव्या शतकात मांडलं.

शांताल मूफ (आजच्या काळातली बेल्जियन राजकीय विचारवंत): तिचा एकच भेद आधी पक्का कर, शत्रू आणि प्रतिस्पर्धी. शत्रूला संपवायचं असतं. प्रतिस्पर्ध्याशी जोरात लढायचं, पण त्याचा लढायचा हक्क मानून. मला हे गिरणा नदीच्या कालव्याच्या आवर्तनावरून, म्हणजे शेतीला पाणी सोडायच्या पाळीवरून उमगलं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला सभेत बोलूच दिलं नाही, तर वाद मिटत नाही. रात्री पाट फुटतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- एकमत झालं म्हणजे लोकशाही झाली, असं धरणं. गप्प कोण बसलं, ते आधी बघ.
- याउलट, प्रत्येक संघर्ष चांगलाच मानणं. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण त्यासाठी वाचच. सनदशीर मार्ग खुले असताना इतर मार्ग म्हणजे ‘अराजकाचं व्याकरण’, असं ते बजावतात.

हाबरमास, म्हणजे चर्चेतून सहमतीवर भर देणारा जर्मन विचारवंत, सध्या राहू दे.

आणि पुढच्या ग्रामसभेला वही घेऊन जा. कोण कोणाला बोलू देत नाही, तेवढंच टिपून आण.