डिस्चार्ज बुकातलं कारण बदलून मिळतं का?

तुम्ही विचारलंय की भावाला १२ वर्षांच्या नोकरीनंतर फौजेतून घरी पाठवलं, डिस्चार्ज बुकात 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड' असं कारण टाकलंय, ते बदलून मिळतं का आणि खर्च किती येतो. चार रेड एंट्र्या, म्हणजे शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी, झाल्या असणार, दुसरं काय. माझ्याही चारच होत्या.

मिळतं बदलून. पण 'एवढा शब्द बदला' म्हणून अर्ज करत बसू नका, त्याला एका ओळीचं उत्तर येतं. काढल्याचा हुकूमच रद्द करून मागायचा. हुकूम गेला की कारण त्याच्याबरोबर जातं. एवढं कळायला मला सहा वर्षं लागली, कारण घरात तात्या होते.

तात्या म्हणजे माझे चुलते, सुभेदार होऊन रिटायर झालेले. १९९८ साली भरतीला मला त्यांनीच नेलं होतं. एप्रिल २०११ मध्ये मी काळी ट्रंक घेऊन एसटीतून उतरलो तेव्हा १३ वर्षं २ महिने झाले होते, पेन्शनच्या १५ वर्षांना १ वर्ष १० महिने कमी. तात्यांनी डिस्चार्ज बुक उघडलं, वाचलं, मिटलं. म्हणाले, "सही केलीस ना? मग आता बोंबलू नको." बायकोने विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं, मुदत संपली. मुलगी चौथीत होती. तिने बोट ठेवून 'नो' एवढंच वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

आर्मी ॲक्टच्या कलम २३ प्रमाणे जवानाला सोडताना जे सर्टिफिकेट द्यायचं ते इंग्रजीत आणि त्याच्या मातृभाषेतही द्यायचं असतं, त्यात कारण लिहिलेलं असतं. मला मराठी कागद मिळाला नाही. मीही मागितला नाही, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं. मराठीत काय लिहिलं असतं कोण जाणे. सुगी संपल्यावर गड्याला सांगतात तसंच काहीतरी, उद्यापासून येऊ नको.

आता एंट्र्या. पहिली लंगरमधल्या भांडणाची, पोरवयातली. दुसरी सुट्टीवरून ११ दिवस उशिरा गेलो त्याची, आईचं ऑपरेशन होतं. तिसरी २००५ ची. तो पावसाळा कऱ्हाड-पाटणकडच्या माणसाला सांगायला नको. कोयना-कृष्णेला पूर, रस्ते बंद, रेल्वे बंद. मी तलाठ्याचा दाखला घेऊन गेलो, तरी साहेबापुढे मार्च अप होऊन १४ दिवस आरआय, म्हणजे सक्तमजुरी. चौथी २००८ ची, दारू पिऊन ड्यूटीवर सापडलो. ती माझीच चूक, तिचं समर्थन करत नाही. पण चारही शिक्षा मी भोगल्या होत्या. तात्याच आम्हाला लहानपणी सांगायचे, फौजेत शिक्षा झाली की विषय संपला, दुसऱ्या दिवशी साहेब परत नावाने हाक मारतो. मग त्याच चार शिक्षांवर पाचवी कसली? हे मी त्यांना विचारलं तेव्हा ते उठून गोठ्यात गेले.

आणि सही. शो कॉज नोटीस सकाळी हातात दिली, दुपारी क्लार्कने उत्तराचा मजकूर सांगितला, 'गलती हो गई, माफ किया जाए', मी हिंदीत लिहिला आणि सही केली. माफी मागितली की माफ करतील असं वाटलं. तोच कागद पुढे 'जवानाने सर्व मान्य केले' म्हणून दाखवला गेला. भावाला विचारा त्याचंही असंच झालंय का. बहुतेकांचं असंच असतं.

गावात आल्यावर एका कारखान्याच्या सिक्युरिटीत गेलो तर तिथल्या माणसाने कारणाची ओळ वाचून बुक परत दिलं. माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही, म्हणजे सरकारी भरतीतली सवलत नाही. तात्यांचं म्हणणं, कागदावर काय लिहिलंय ते कोण बघतंय? सगळे तेवढंच बघतात, तात्या.

२०१७ च्या सुरुवातीला पुण्यात एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आधी रेकॉर्ड ऑफिसला माहितीचा अधिकार टाकायला लावला, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. शीट रोल, म्हणजे नोकरीभराच्या नोंदींचा कागद, आला, शिक्षांचे कागद आले, शो कॉज आली. चौकशीचा कागद एकही नाही, कारण चौकशी झालीच नव्हती. मग बाईंनी विचारलं, "कुठे कुठे होतात?" मी म्हटलं, सियाचीनच्या पोस्टवर ३ महिने, कुपवाड्यात दोन टेन्युअर. त्या म्हणाल्या, "हे कुणी कुठे लिहिलंय का?" कुणीच नव्हतं.

मुद्दा तिथे आहे. आर्मी हेडक्वार्टरचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र आहे. त्यात सरळ म्हटलंय की चार रेड एंट्र्या झाल्या म्हणून काढायलाच हवं असं नाही. एंट्र्या कशाच्या आहेत, नोकरी किती झाली, जवान कठीण ठिकाणी राहिलाय का, पेन्शन जवळ आली आहे का, हे बघायचं. आणि आधी प्राथमिक चौकशी करायची. सुप्रीम कोर्टाने २०१५ साली वीरेंद्र कुमार दुबे यांच्या केसमध्ये हेच धरून डिस्चार्ज रद्द केला. मधला पगार दिला नाही, पण पेन्शनपुरती नोकरी पूर्ण झाली असं मानलं. भावाच्या वकिलाला हा निकाल माहीत नसेल तर वकील बदला.

आधी वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते, कारण खात्यातले मार्ग संपवून या असं ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं कोर्ट, सांगतं. माझ्या तक्रारीला उत्तर आलं, 'चार एंट्र्या आहेत, कारवाई योग्य.' मग जून २०१७ मध्ये आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या मुंबई बेंचकडे अर्ज. सुटलेला जवान जिथे राहतो तिथल्या बेंचकडे जाऊ शकतो, पलटण कुठेही असो. मुदत ६ महिन्यांची असते. मी सहा वर्षं उशिरा गेलो, त्यासाठी उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज, आणि त्यात कारण काय लिहायचं? 'तात्या' असं लिहिता येत नाही. २०१९ मध्ये निकाल लागला, डिस्चार्ज रद्द, १५ वर्षं पूर्ण झाली असं धरून पेन्शन. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांचीच. १५ वर्षं फेब्रुवारी २०१३ ला भरत होती, पैसे जून २०१४ पासून मिळाले. मधले १६ महिने गेले, ते मी तात्यांच्या खात्यावर मांडून ठेवलेत.

पार्ट टू ऑर्डरची, म्हणजे नवी नोंद करणाऱ्या फौजी हुकमाची, प्रत आली तेव्हा ती घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि आधी पेन्शनचा आकडा शोधला. म्हटलं, तात्या, त्याच्या आधी कारणाची ओळ आहे, ती वाचा. वाचली. म्हणाले, "दारूची एंट्री तर आहेच ना अजून." आहेच. ती कोणी पुसत नाही, पुसायला मी सांगितलंही नव्हतं.

हे सगळं रेड एंट्रीच्या केसचं. कारण मेडिकल असेल तर वाट वेगळी. तिथे बोर्डाने 'नोकरीशी संबंध नाही' असं लिहिलेलं असतं आणि भांडण त्या ओळीशी असतं. त्यात धरमवीर सिंग यांचा २०१३ चा निकाल वाचा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळेच झाला असं कोर्टाने तेव्हा धरलं, नाही म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. कोर्ट मार्शल होऊन गेला असेल तर तेही वेगळं. आणि मला मिळालं म्हणून भावाला मिळेलच असं नाही. चारही एंट्र्या दारूच्या किंवा हाणामारीच्या असतील आणि चौकशी रीतसर झालेली असेल तर अवघड आहे.

खर्चाचं म्हणाल तर माझी एक म्हैस गेली आणि वकीलबाईंनी उरलेले पैसे निकालानंतर घेतले. तुमचं तुम्ही बोलून ठरवा. आणि भावाला 'तू केलंस काय असं?' हे रोज विचारत असाल तर बंद करा. शीट रोल मागवा, त्यात सगळं तारखेनिशी आहे.