आधी विचार, आपले पैसे जातात कुठे

देवगड, आषाढ

पोरी,

तुझं पत्र आणि बारा पानांचा आराखडा मिळाला. पाऊस असा लागलाय की दिवसातून चार वेळा लाइट जाते, म्हणून दोन बैठकांत वाचला. जिल्ह्यातल्या लोकांच्या ठेवी जिल्ह्यातच वापरणारी, सार्वजनिक मालकीची बँक ही कल्पना मला पटते. फक्त पाचव्या पानावर तू बँकेचं नाव आणि बोधचिन्ह ठरवून टाकलंयस, तेवढं पान काढून ठेव. नावावरून भांडायला अजून पुष्कळ वेळ आहे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, कारण पहिल्याच सभेत कुणीतरी वकील उभा राहील. बँकिंग हा घटनेच्या केंद्रीय सूचीतला विषय. ग्रामपंचायतीनं ठराव केला, जिल्हा परिषदेनं टाळ्या वाजवल्या, म्हणून बँक निघत नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. स्मॉल फायनान्स बँक, म्हणजे छोट्या कर्जदारांसाठीची बँक, काढायची तर नव्या अर्जदाराला किमान 200 कोटींचं भांडवल दाखवावं लागतं. 1996 साली 'लोकल एरिया बँक' नावाची एक योजना आली होती. लागून असलेले तीन जिल्हे आणि 5 कोटींचं भांडवल एवढीच अट. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग! मी तेव्हा नकाशा पुढ्यात घेऊन बसलो होतो. पण त्या बँका खासगी होत्या आणि निघाल्याही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारच्या कोल्हापुरातल्या एकीचा परवाना 2020 च्या डिसेंबरात रद्द झाला.

तुझ्या आराखड्यात एक गोष्ट मात्र सुटलीय. तू मागतेयस तशी बँक आपल्याकडे होती. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात पहिल्या पाच ग्रामीण बँका सुरू झाल्या, 1976 ला त्यांचा कायदा झाला. मालकी केंद्राची 50 टक्के, राज्याची 15 आणि पुरस्कर्त्या सरकारी बँकेची 35. म्हणजे पूर्ण सार्वजनिक. त्याच कायद्याखाली आपली 'रत्नागिरी सिंधुदुर्ग ग्रामीण बँक' होती. पुढे विलीनीकरणं सुरू झाली. आपल्या बँकेच्या नावात आधी वैनगंगा आणि कृष्णा आल्या, 2013 ला ती 'विदर्भ कोकण' झाली आणि मुख्यालय नागपूरला गेलं. 1 मे 2025 पासून सगळ्या राज्याची मिळून एकच 'महाराष्ट्र ग्रामीण बँक', मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. सरकारी ती अजूनही आहे, पण नावातून कोकण गेलं आणि साहेब पाचशे किलोमीटरवर जाऊन बसला.

विलीनीकरण करणारे सगळे मूर्ख होते, असं सभेत बोलू नकोस. एका किनाऱ्याच्या बँकेचे सगळे कर्जदार एकाच वादळात सापडतात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षं लागतात. तोवर हप्ता कोण भरणार? जर्मनीत नगरपालिकांच्या 'श्पारकासं' बँका दोन शतकांहून जास्त काळ चालल्यात, प्रत्येक आपापल्या भागापुरती. पण त्यांनी आपसात हमीची व्यवस्था बांधलीय. एक अडचणीत आली तर बाकीच्या सावरतात. तुझ्या बारा पानांत वादळ कुठेच नाही. ते घाल.

आता चळवळीचं. 'आम्हाला आमची बँक हवी' ही घोषणा कुणाच्या काळजाला लागत नाही. लोक म्हणतात, नाक्यावर चार बँका आहेत की. तू वेगळा प्रश्न विचार: आपले पैसे जातात कुठे?

बँकेच्या भाषेत त्याला सीडी रेशो म्हणतात. शंभर रुपये ठेव असेल तर त्यातले किती त्याच भागात कर्जाऊ दिले, तो आकडा. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी देशपातळीवर तो 60 टक्के गाठावा, अशी रिझर्व्ह बँकेची जुनी अपेक्षा. जिल्ह्याचा आकडा 40 च्या खाली गेला तर खास उपसमिती नेमून तो वाढवायचा आराखडा करावा लागतो. कोकणाचं दुखणं इथेच आहे. चाकरमान्यानं मुंबईत राबून पाठवलेला पैसा, पेन्शनी, महामार्गाच्या भूसंपादनाची भरपाई, सगळं शाखेत येऊन पडतं आणि शाखेतून बाहेरगावच्या उद्योगाला जातं. गावातला काजूवाला मात्र सावकाराकडे.

हा आकडा गुपित नसतो. जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या अग्रणी बँकेचा लीड डिस्ट्रिक्ट मॅनेजर तो दर तिमाहीला समितीपुढे ठेवतो. एक बैठक बँकवाले आणि अधिकाऱ्यांची, दुसरी आढाव्याची. तिथे खासदार, आमदार, जिल्हा परिषदेचे पदाधिकारी बोलावलेले असतात. मी बँकेच्या नोकरीत असताना त्या आढाव्याला कितीदा बसलो. लोकप्रतिनिधी उद्घाटनासारखे यायचे, चहा व्हायचा आणि सीडी रेशोचं पान कुणी उलटतसुद्धा नसे. तुझ्या चळवळीचं पहिलं काम ते पान उलटायला लावणं. आपल्या आमदाराला एक कागद दे, त्यावर एकच प्रश्न. उत्तर आलं की 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखव. सोबत विचार की ग्रामपंचायतीचा, पाणीपट्टीचा, देवस्थानाचा पैसा कुठल्या बँकेत आहे आणि तिनं गावात किती कर्ज दिलंय. ग्रामीण बँकेच्या संचालक मंडळावर केंद्रानं नेमायचे दोन बिगरसरकारी संचालक असतात. त्यात कोकणातलं कुणी आहे का, तेही विचार.

मग बँकवाले सांगतील, 'कोकणात कर्ज मागतोच कोण?' खोटं नाही ते. पण का मागत नाहीत, ते शाखेच्या काउंटरमागे बसून मी पाहिलंय. एक काजू प्रक्रियावाली बाई आली होती. बॉयलर आणि कटर घ्यायचे होते, हिशेबाची वही चोख. जमिनीचा सातबारा काढला तर त्यावर 43 नावं. आजोबांचे भाऊ, त्यांचे मुलगे, तीन मयत, वारसनोंद नाही, अर्धे विरार-नालासोपाऱ्यात, एक दुबईला. सगळ्यांच्या संमतीशिवाय गहाणखत होत नाही. मी फाइल परत दिली. नियमानं मी बरोबर होतो. तिनं पुढे वर्षभर शेकडा तीन रुपये महिना व्याजानं पैसे वापरले, आणि माझ्याच बँकेत तिच्या सासूची ठेव पडून होती.

आंब्याचं तर वेळापत्रकच उलटं. ऑगस्टच्या आत झाडाला मोहोर यावा म्हणून कल्टार हे औषध, मग मोहोराच्या फवारण्या, राखणीचे गडी, पेट्या, पेंढा. खर्च सगळा आधी. पैसा एप्रिल-मेमध्ये. आणि बँकेचं वर्ष संपतं 31 मार्चला! साहेब वसुलीला येतो तेव्हा आंबा झाडावर हिरवा असतो. वाशीच्या घाऊक बाजारातला दलाल मात्र दसऱ्यालाच उचल देऊन मोकळा. व्याज मागत नाही बिचारा, फक्त माल त्याच्याच गाळ्यावर आला पाहिजे. भाव तो लावील तो, अडत तो कापील ती. त्याला झाडाचं वेळापत्रक कळतं, बँकेला कळत नाही. तुझी बँक कधी झालीच तर तिचं वर्ष मोहोरापासून मोजायला शिकव. तोपर्यंत असलेल्या बँकांकडे हीच एक मागणी लावून धर, आणि वारसनोंदीची शिबिरं भरव. 'बँक' शब्द न उच्चारता केलेलं ते बँकेचंच काम.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. नव्वदच्या दशकात आमच्या गावात पतसंस्था निघाली. नोकरीमुळे मला पद घेता येत नव्हतं, पण पोटनियम मीच लिहून दिले. पाडव्याला उद्घाटन, पितळी समई, सोनेरी अक्षरांचा बोर्ड. संचालक सगळे घरचे, वाडीवाडीचे, मानकऱ्यांचेही दोन. आपली माणसं, आपला पैसा! चौथ्या वर्षी अध्यक्षांच्या पुतण्याला वडापच्या दोन गाड्यांना कर्ज दिलं, मग त्याच्या मेव्हण्याला. जामीन एकमेकांचे. वसुलीला जायचं कुणी? शिमग्याला पालखीला खांदा तर एकत्रच द्यायचा. हप्ते थकले तरी सगळे गप्प. मलाही कळलं होतं. मीही गप्प.

संस्थेला कुलूप लागलं त्या दिवशी एक म्हातारी माझ्या दारात आली. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, तांदळाच्या डब्यात ठेवलेलं, पानांना कोंडा लागलेला. मुलाच्या मनिऑर्डरीतून साठवलेले पैसे. म्हणाली, "माजे पैशे खंय गेले, तां माका सांग." पतसंस्थेच्या ठेवीला विमा नसतो. बँकेत बुडाले असते तर ठेव विम्यातून मर्यादेपर्यंत तरी मिळाले असते. आज ती मर्यादा 5 लाख आहे. हे तिला कसं सांगणार होतो मी?

म्हणून तुझ्या आराखड्यात 'लोकांचं नियंत्रण' असं जिथे जिथे लिहिलंयस, तिथे मला थांबावंसं वाटलं. कर्ज मंजूर करणारा आणि निवडणूक लढवणारा माणूस एक असता कामा नये. लोकांनी धोरण ठरवावं, आकडे मागावे, संचालकांना जाब विचारावा. पण अमक्याला कर्ज द्या ही चिठ्ठी कुणाचीच चालू नये. तुझीही नाही, माझीही नाही. संचालकांच्या नातेवाइकांची कर्जं दर तिमाहीला नोटीस बोर्डावर लागावी, हे पहिल्या पानावर घे.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचं तू लिहिलंयस, ते वाचून बरं वाटलं, पण तू फक्त 1919 ला बँक निघाली एवढंच घेतलंस. त्याआधीचं बघ. त्यांच्या गव्हाचा भाव आणि प्रत मिनियापोलिसचे व्यापारी ठरवायचे. म्हणजे त्यांचीही एक वाशी होतीच. 1915 ला शेतकऱ्यांनी संघटना बांधली, शेतावर जाऊन जाऊन वर्गणीदार जोडले, पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडून आणला, मग 20 लाख डॉलरच्या भांडवलावर बँक. आणि 1921 ला लोकांनी त्याच गव्हर्नरला मतदान करून घरी बसवलं, तरी बँक टिकली, ती आजवर. राज्याचा पैसा तिच्यात असतो, आणि बहुतेक कर्जं ती गावच्या बँकांना सोबत घेऊन देते. तू मात्र जिल्हा बँकेला आणि पतसंस्थांना शत्रू ठरवून मोकळी झालीस. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आहेत आपल्याकडे. त्यांचे सचिव तुझ्यापेक्षा जास्त जाणतात, आधी त्यांच्या पायरीवर जाऊन बस.

सभा कधी घ्यायच्या, तेही चुकलंय तुझं. जुलैत वाडीवर सभा ठेवलीस तर कोण येणार, सगळे लावणीच्या चिखलात. एप्रिल-मेमध्ये आंबा-काजूवाला तुला उभं करणार नाही. बंदरावर उलटं. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं जाळी विणत बसलेली. आत्ता मच्छीमार सोसायट्यांकडे जा. डिझेलची उधारी, बर्फाचे पैसे, मासळी घेणाऱ्याची उचल, सगळं ते विणता विणता सांगतील. वही काढू नकोस, ऐक आणि रात्री लिही. मुंबईकर मंडळींना गणपतीत गाठ, पण आरतीनंतर आणि अर्धाच तास. त्यांच्या मंडळांचे खजिनदार पैशाला पक्के असतात. जमाखर्च लिहायला मला त्यांच्यातलाच एखादा हवाय.

मागच्या तिमाहीचा जिल्ह्याचा आकडा मिळाला की पाठव, तालुकावार असेल तर उत्तमच. छापील पाठव, मोबाइलवर मला दिसत नाही. आणि येशील तेव्हा तुमच्या घराचा सातबारा घेऊन ये. त्यावर किती नावं आहेत ते आपण दोघं मोजू.

तुझा,
काका