“तुम्ही जा, मी घरीच बरा” म्हणणारे वडील

“बाबांना कुठे न्यायचं म्हटलं की नको वाटतं. नेलं तर वाटेत चिडचिड, नाही नेलं तर मनाला टोचणी.” थोड्याफार फरकाने हे मी नेहमी ऐकते. घरी गाडी नसलेली, बस आणि फेरीबोटीवरच सगळी ये-जा असलेली मुलं तर हमखास हेच विचारतात. त्यातल्याच एका मुलीची ही हकिगत. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

ती फोंड्याजवळची, नोकरी पणजीला. वडील निवृत्त मराठी शिक्षक. गावात अजूनही सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. वय 75 च्या पुढे, दोन्ही गुडघे झिजलेले, त्यात उजवा जास्त. आई गेल्यानंतर ते घराबाहेर पडेनासे झाले, म्हणून एका रविवारी तिने त्यांना जुने गोवे दाखवायला नेलं. बासिलिका, समोरचं सें कॅथेड्रल, मग व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर, असा बेत होता. सगळं जवळजवळच आहे, असा तिचा हिशेब. धक्क्यावर पोचेपर्यंत मास्तरांचा रागाने तोल गेला. “फरपटत आणलंस मला,” चार लोकांत म्हणाले. त्यानंतर कुठलाही बेत काढला की एकच उत्तर: “तुम्ही जा, मी घरीच बरा.”

बाबांना माझी सोबतच नको आहे, हे तिच्या मनाने घेतलं होतं. गुडघ्यांपेक्षा तेच तिला जास्त लागलं होतं.

मी तिला तो दिवस सकाळपासून क्रमाने सांगायला लावला. कुठे बसलात? आठवेना. ते पाणी कधी प्याले? “बाटली भरलेलीच घरी आली की हो!” हे ऐकल्यावर मला मास्तरांशी एकट्याने बोलायचं होतं.

आधी शाळेच्या गप्पा झाल्या. बऱ्याच वेळाने, खिडकीकडे बघत त्यांनी सांगितलं. प्रोस्टेटचा त्रास होता, शिवाय रक्तदाबासाठी सकाळी लघवी वाढवणारी गोळी. बाहेर जायचं असलं की ते ती गोळी टाळत आणि पहाटेपासून पाण्याचा घोटही घेत नसत. “मुलीला हे कसं सांगू? आणि बस काय माझ्यासाठी थांबणार आहे?”

म्हणजे त्या रविवारी डोकं उठलेला, घसा कोरडा पडलेला, उन्हात चालणारा माणूस चिडला होता. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. त्यात गोव्याची दमट हवा घाम काढते. अशा वेळी पाणी तोडणं आणि गोळी चुकवणं दोन्ही धोक्याचं. गोळी कधी घ्यायची याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. ती वेळ बदलता येईल का, हे विचारायला मी त्यांना पाठवलं आणि डॉक्टरांनी ती बदलून दिली. तुमच्या घरीही हा प्रश्न असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, परस्पर काही करू नका.

मुलीला हे सांगायला मास्तर कसेबसे तयार झाले, तेही मी सांगायचं या अटीवर. ती रडली. “इतकी परकी आहे का मी?” मास्तर म्हणाले, “परकी न्हय गो बाय, लज दिसता.” परकी नाहीस गं, लाज वाटते.

पुढच्या सहलीचा बेत मी मास्तरांवरच सोपवला. शाळेच्या सहली त्यांनी जन्मभर काढल्या होत्या. त्यांनी कागद घेतला आणि आधी बसायच्या जागा आणि स्वच्छतागृहं लिहिली, देऊळ सगळ्यात शेवटी! अंतराच्या आकड्यावर जाऊ नये, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. सपाट सावलीतली चाल झेपते. उतार, पायऱ्या आणि उभं राहून वाट बघणं झेपत नाही. गुडघा झिजलेल्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं.

पहिल्यांदा ते मार्दोळला गेले. मंगेशीला रस्त्यावरून आत चालावं लागतं. मार्दोळचं म्हाळसेचं देऊळ मात्र रस्त्याजवळ आहे आणि सभामंडपात निवांत टेकता येतं. कचेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर फोंडा बसस्थानकावरूनच बस धरली, मधल्या थांब्यावरून नाही, म्हणजे दाराजवळची जागा मिळाली. कुठे उतरायचं ते कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. तिने जाईच्या फुलांचा हार घेतला. मास्तरांनी तिला म्हाळसा वेर्ण्याहून आणि मंगेश कुठ्ठाळीहून 16 व्या शतकात इकडे कसे आले ते सांगितलं, आणि जेवायला दोघं घरी परतली. एका दिवसात एकच ठिकाण. मला विचाराल तर घरची सगळी भांडणं दुसऱ्या ठिकाणापाशी सुरू होतात.

नंतर पणजी-बेती फेरी. कदंब बसस्थानकावर स्वच्छतागृह आहे. तिथून धक्क्यापर्यंत रिक्षा केली. हे पैसे मास्तरांना वायफळ वाटत होते, पण बसचा सगळा प्रवास त्या मधल्या तुकड्यावरच अडतो. फेरीला पायी प्रवाशाला तिकीट नाही. बाकावर बसून मांडवी ओलांडायची आणि त्याच बोटीने परत यायचं. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो, शेवाळाने निसरडा असतो. म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघून ठेवा.

हे सगळं करूनही नकारच आला तर त्या दिवशीचा बेत सोडून द्या, तिकीट काही आधी काढलेलं नसतं. मात्र घरी आलेल्या माणसाशीही बोलणं नको, जेवणावरून मन उडालेलं, झोप नाही, असं काही आठवडे चाललं असेल तर तो सहलीचा प्रश्न नव्हे. तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा किंवा बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात घेऊन जा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइनही आहे, आणि तिथे मुलांनी फोन केला तरी चालतो.