चारच वाद्यं ठेव

तुझं पत्र मिळालं. सोबतची स्वरलिपी रात्री दोनदा वाचली. बाबा गेल्यावर तू दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) आणि एक चेलो अशा चौघांचं क्वार्टेट लिहिलंस, आणि आता ते 'फार उघडं' वाटतंय म्हणून ऑर्केस्ट्रासाठी करायचं म्हणतेस. नको करूस. चारच वाद्यं ठेव.

चेक संगीतकार स्मेतानाने 1876 मध्ये 'माझ्या आयुष्यातून' हे क्वार्टेट लिहिलं, तेव्हा त्याला ठार बहिरा होऊन दोन वर्षं झाली होती. त्याच काळात तो 'मा व्लास्त' (माझा देश) ही वाद्यवृंदाची रचनाही लिहीत होता, म्हणजे मोठा वाद्यवृंद त्याच्या हाताशीच होता. देशाचं सांगायला त्याने तो घेतला. कान गेल्याचं मात्र चौघांपाशीच सांगितलं. 1878 मध्ये ते प्रागला खासगीत वाजलं, तेव्हा व्हायोलावर संगीतकार द्वोर्झाक होता.

शेवटचा भाग पुन्हा ऐक. नाचरी लय ऐन रंगात येते आणि मध्येच तुटते. मग खाली गजांची थरथर, आणि वर पहिल्या व्हायोलिनवर एकट्याने धरलेला उंच 'ई' सूर. बहिरेपण येताना त्याच्या डोक्यात घुमणारी शीळ ती. वाद्यवृंद-संचालक जॉर्ज सेलने याचं वाद्यवृंदासाठी रूपांतर केलंय, तेही ऐक. सुंदर आहे. पण मला त्यात कोणा एकाचा कान जाताना ऐकू येत नाही. एका माणसाच्या गजाखाली सूर किंचित हलतो, आणि तेच तर ऐकायचं असतं!

मी हे एवढं ताणून का धरतोय? आईवर लिहिलेल्या माझ्या क्वार्टेटमध्ये व्हायोलाच्या सी तारेवर, म्हणजे सगळ्यात खर्जाच्या तारेवर, एक ओळ होती. दळताना आई तशी गुणगुणायची. एक संयोजक म्हणाले, सभागृह मोठं आहे, वाद्यं वाढवा. वाढवली. बावीस जण वाजवत होते, टाळ्याही भरपूर पडल्या. घरी परतताना बहीण एवढंच म्हणाली, "यात आई कुठे होती रे?" आणि मूळ पानं मी तोवर रद्दीत घातली होती.

तेव्हापासून लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. तेव्हाच हट्ट धरला असता, तर ती पानं आज माझ्याकडे असती की नाही, तूच सांग.

तुझ्या दुसऱ्या भागात चेलो गप्प होतो आणि व्हायोला एकटा पुढे जातो. तिथे घाबरून दुसऱ्या व्हायोलिनला लांब सूर दिलायस. कशाला? चार असून तिथे एकच बोलतोय, बाकीचे तिघे ऐकतायत, हेच तर तुझ्या बाबांचं घर आहे. तो सूर खोड.

खोडलेली प्रतच पाठव. पेन्सिलची, स्वच्छ करून नको.