पुण्यात गॅलॅक्टोसेमियाची (दुधातली गॅलॅक्टोज साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) जनुकीय चाचणी बसवतोय. फक्त क्यू१८८आर हा एकच जनुकीय बदल तपासला तर चालेल का?

नाही, चालणार नाही. क्यू१८८आर हा बदल युरोपीय रुग्णांत सर्रास सापडतो, आपल्याकडे क्वचित; म्हणून या आजारात बिघडणाऱ्या जीएएलटी जनुकाचे अकराही एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेले भाग) कडांसकट वाचा. प्रमाणीकरणाला निदान पक्कं झालेले आणि निरोगी, असे दोन्ही नमुने ओळख झाकून, वेगवेगळ्या दिवशी, दोन तंत्रज्ञांकडून चालवून घ्या. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या ट्यूबमध्येच घ्या; हेपॅरिनही रक्त गोठू देत नाही, पण ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतं. सगळ्यात फसवं म्हणजे प्रायमर (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) चिकटतो त्या जागीच बदल असणं: जनुकाची एक प्रत वाढतच नाही आणि बाळ खोटंच होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या असलेलं) दिसतं, म्हणून आई-वडिलांचे नमुने तपासाच. जोडीला जीएएलटी एंझाइमची (या जनुकापासून बनणारं प्रथिन) चाचणी हवी. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरने आलेल्या, वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांच्या कार्डावर एंझाइम घटतं, आकडा खोटा कमी येतो.